बर्फवाल्याचं गरम पाणी

तांडा, बोरी अरबजवळ
२२ डिसेंबर २०२५

चि. इंद्रजीत यास बापूचा राम राम आणि आशीर्वाद. सौ. अंजूला आणि आमच्या नातीला, सोनूबाईला तसेच. आम्ही दोघं खुशाल आहोत. कापसाची दुसरी वेचणी आटोपली. तूर यंदा बरी दिसते. म्हशीनं मला एक लाथ मारली, पण ती माझीच चूक होती.

फोन न करता पत्र लिहितो याचं नवल वाटेल. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं. तू इंजिनिअर होतोस आणि मी बहिरा होतो. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून कागद बरा. तुझ्या याडीनं आईच्या मायेनं फोन करायचा आणि मी पत्र लिहायचं, अशी वाटणी आम्ही करून घेतली आहे.

दिवाळीत ओसरीवर उभा राहून तू जे बोललास, "बापू, माह्या याडीले दोन बादल्या गरम पाणी देनं तुमच्याच्यानं होत नाई," ते मी केव्हाच विसरलो. तेव्हा ते मनात धरू नकोस.

बाकी तुझं म्हणणं मला मान्य आहे. तू पाठवलेला गिझर रोज पाच युनिट खात होता, म्हणून मी तो बंद केला. मग ती पुन्हा चुलीवर हंडा ठेवू लागली, डोळे लाल झाले, खोकला धरला. यवतमाळच्या डॉक्टरांनी धूरही बंद म्हटलं आणि थंड पाणीही. संधिवाताच्या बोटांना सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचा शेक सांगितला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तू त्यावर अट घातलीस: डिसेंबर आणि जानेवारी, दोन महिने, रोजची सरासरी अडीच युनिटांच्या आत, म्हणजे गिझरच्या निम्म्यात, तिला हवं तेवढं गरम पाणी. जमलं तर ती इथे राहील. नाही जमलं तर तू तिला पुण्याला नेशील, आणि चार दिवसांसाठी नाही, कायमची. मी हो म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ अजून शाबूत आहे.

तर ऐक. हीट पंप आणला. शंभर लिटरची टाकी. नागपूरहून आला. कारखाना बंद झाला तेव्हा मला जे मिळालं होतं ते अजून बँकेत पडून होतं, त्यातून घेतला. तू इंजिनिअर असशील इमारतींचा, पण या मशीनची जात मला ठाऊक आहे. बर्फाच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं कांप्रेसर चालवला. ही त्याचंच धाकटं भावंड. गिझर वीज जाळून पाणी तापवतो. ही तसं करत नाही. ही हवेतली गरमी ओढते आणि उचलून पाण्यात नेऊन टाकते. वीज लागते ती फक्त हमालीला. एक युनिट हमाली दिली की तीन युनिटांची गरमी घरात येते. कारखान्यात आम्ही थंडी विकायचो आणि गरमी मागच्या नळ्यांवरून उडवून द्यायचो. बत्तीस वर्षं मी किती गावांच्या आंघोळीचं पाणी हवेत सोडलं, याचा आता विचार करतो.

मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवली आहे, जिथे आधी तूर ठेवायचो. बाहेर वानरांचा ताप. त्यांनी गेल्या साली खेमसिंगच्या डिशचं काय केलं ते तू पाहिलंस. खोलीला एकच दार, तेही मी नीट केलं, खालच्या फटीला गोणपाटाची पट्टी ठोकली. कसं बंद होतं ते येशील तेव्हा पाहा. तुझी याडी त्या खोलीत दुधाचं पातेलं ठेवते. म्हणते, फ्रिज कायले पायजे.

आता आकडा. अकरा डिसेंबरपासून रोज दोन पूर्णांक एक युनिट. वेगळं मीटर लावलं आहे, खेमसिंग वायरमन साक्षीला आहे. पहिले दहा दिवस मशीन नवी होती, ते आकडे मी वेगळ्या पानावर ठेवले आहेत.

याडीची बोटं जरा जास्त आखडली आहेत. थंडीच यंदा जास्त आहे.

तुझा बाप,
किसनसिंग

---

९ जानेवारी २०२६

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. "बापू, मानलं तुम्हाला" असं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं आणि मग घडी घालून ठेवलं. तुझ्या हातचं असं वाक्य मला आठवीच्या निकालानंतर मिळालं नव्हतं.

या आठवड्याचा आकडा पाठवत नाही. मशीन बिघडलेली नाही. मशीनला काही झालेलं नाही. याडीला फोनवर याबद्दल काही विचारू नकोस.

तिची ट्रंक माळ्यावरून काढली आहे. ऊन द्यायला काढली. कपड्यांना कसर लागते.

पुण्यात तुमच्याकडे तिला पहाटे उठून बसायला गॅलरी आहे ना? तिला चार भिंतींत उजाडलेलं आवडत नाही. आणि ती चहा बशीत घेते, त्यावर सोनू हसते, तिला हसू देऊ नकोस. हे सहज लिहिलं.

थंडी आहे. बाकी ठीक.

किसनसिंग

---

१ फेब्रुवारी २०२६

प्रिय इंद्रजीत,

आधी आनंदाची गोष्ट सांगू की लाजेची, हे ठरवण्यात सकाळ गेली. तुझी याडी म्हणाली, "लाज पयले सांगा, मंग भूक लागते." तेव्हा लाज आधी.

डिसेंबरात तुला कळवलेला आकडा खोटा होता. मीटर खरं होतं, माझं लिहिणं खरं होतं, तरी आकडा खोटा. आणि पहिले दहा दिवस मशीन नवी असल्याचं जे लिहिलं, ती शुद्ध लबाडी. त्या दहा दिवसांत ती रोज सव्वातीन युनिट घेत होती. दहाव्या दिवशी मी वही मांडीवर घेऊन ओसरीवर बसलो होतो आणि भाकरी नको म्हणालो. तुझ्या याडीनं वही पाहिली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं.

दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरला. मी म्हटलं, मशीन रुळली. तांडाभर सांगत फिरलो. बोरीच्या बाजारात कापडवाल्याला सांगितलं, त्यानं न विचारता. तुला पत्र लिहिलं.

सहा जानेवारीला सकाळी मोरीचा नळ गळत होता, तो पाहायला गेलो. तिची बादली भरून ठेवलेली. नळाला हात घालताना मनगट बादलीत बुडलं. इंद्रजीत, कारखान्यात मिठाच्या पाण्याचा हौद असतो, त्यात बर्फाचे डबे सोडतात. त्या हौदात माझा हात अनेकदा गेला आहे. मनगटाला तीच कळ आली.

मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "काही नाई. मले आवडते थंडं."

मी म्हटलं, केव्हापासून आवडतं?

मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमचा आकडा बिघडून राह्यला होता. म्या दोन बादल्या नाई घेतल्या त काय मरत नाई. तुमी हरले असते त मले जा लागलं असतं."

सव्वीस दिवस. सव्वीस दिवस ती बर्फासारख्या पाण्यानं आंघोळ करत होती, शेकही घेत नव्हती, आणि टाकीतलं गरम पाणी माझ्या एकट्याच्या अंगावर पडत होतं. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, थंडीच यंदा जास्त आहे.  बत्तीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व अडकला ते सांगणारा माणूस, आणि शेजारी बसून चहा पिणाऱ्या बाईच्या बोटांना कप धरता येत नाही, हे त्याला दिसलं नाही. म्हणूनच ती बशीत घेत होती.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. रडलो म्हण. तिनं मला उठवलं आणि म्हणाली, "उठा जी, नळ गळून राह्यला."

त्या दिवसापासून मी स्वतः तिच्या दोन बादल्या भरायला लागलो, शेकाचं घमेलं वेगळं. मीटर पुन्हा सव्वातीनवर गेलं. चार दिवस पाहिलं. मी हरलो होतो हे मला कळलं होतं. नऊ तारखेला तुला ते पत्र लिहिलं. ट्रंक ऊन द्यायला काढली नव्हती, तू ओळखलंच असशील. खाली एक धुतलेलं पातळ आणि तिचं चांदीचं कडं मीच ठेवलं होतं.

आता ऐक गंमत, आणि इथून पुढे डोकं वर करून वाच.

दहा तारखेला ती आपली भांडी आवरायला त्या मागच्या खोलीत गेली. पातेल्यात तीन दिवसांपूर्वी विरजण लावलेलं. अजून दूधच. ते घेऊन ती माझ्यासमोर आली आणि पातेलं जमिनीवर आपटलं.

"हे पाहा. तीन रोज झाले, दही नाई लागत. ते खोली हाये का तुमचा बर्फखाना?"

मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत.

"सैपाकघरात लागते मंग? तिथं थंडी नाई काय?" मग म्हणाली, "तुमीच म्हनले ना, हे मशीन हवेतली गरमी खाते? मंग तिले थंड्या खोलीत कोंडून काहून ठेवलं? खाईन काय ते?"

मी उठलो आणि खोलीचं दार उघडलं. बाहेर दुपारची अठ्ठावीस-तीस डिग्री. आत पाय ठेवला तर सात-आठ. भिंतीला ओल सुटलेली. मशीन त्या खोलीतली गरमी ओढून टाकीत नेत होती, थंड हवा तिथेच सोडत होती, आणि तीच थंड हवा पुन्हा ओढत होती. ओढायला गरमी उरली नाही की तिच्या आतली हीटरची कांडी आपोआप लागते, म्हणजे ती साधा गिझर होते. तुझ्या पाच युनिटांचा गिझर मी अंधारात, गोणपाट ठोकून, लपवून ठेवला होता.

दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. साधा माणूस खोलीचं दार उघडं टाकून गेला असता आणि त्याची मशीन सुखात चालली असती. पण मी बर्फवाला. कारखान्यात बत्तीस वर्षं मी एकच शब्द ओरडलो: दार लावा. मजूर आला, दार लावा. मालक आला, दार लावा, थंडी बाहेर जाते. त्यापायी दोघांना मी कामावरून घरी पाठवलं होतं. आता जिथे थंडीला हाकलून द्यायचं होतं तिथेही मी दार लावलं, फटीला पट्टी ठोकली आणि तुला अभिमानानं कळवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मला त्या खोलीत उभ्या उभ्या हसू आलं. ती म्हणाली, "हासता काय? सांगा, कुठं ठेवाची."

मी म्हटलं, तूच सांग.

तिनं एक क्षणही विचार केला नाही. "जिथं मी मिरच्या वाळवतो तिथं."

न्हाणीच्या मागची टिनाची पडवी. दुपारी बारानंतर तिथे उभं राहवत नाही. पत्रे तापून हवा पस्तिशीला जाते, जानेवारीतसुद्धा. चाळीस वर्षं ती तिथे मिरच्या, शेंगा, बोरं वाळवते, आणि मी चाळीस वर्षं म्हणतो की त्या पडवीचा काही उपयोग नाही. काखेत कळसा होता, मी नागपूरला वळसा घालून आलो.

खेमसिंग आणि मी मिळून तीन दिवस लागले. नळ्या वाढवल्या, त्यांना गोधडीची चिंधी आणि वर रबर गुंडाळलं. वानरांचं काय, तर तेही तिनंच पाहिलं. तिच्या जुन्या फेटियाचे, त्या घेरदार घागऱ्याचे, आरसे लावलेले तुकडे पेटीत होते. तिनं ते मशीनपुढच्या जाळीवर टांगले. उन्हात ते असे चमकतात की वानरं लांबून पाहून जातात. तिच्या लग्नातला फेटिया होता तो. मी विचारलं, याला? म्हणाली, "पेटीत कोनाले दिसत होता?"

टायमर बारा ते तीनचा. सगळ्यांत गरम हवा असते तेव्हाच मशीन चालते, टाकीची भिंत जाड, पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी मीटर पाहिलं आणि मी खेमसिंगला म्हटलं, वायर सुटली. त्यानं तपासलं. सुटली नव्हती. सव्वा युनिट. दुसऱ्या दिवशी सव्वा. एकदा ढगाळ होतं, दीड. मग पुन्हा सव्वा, एकदा तर एक पूर्णांक एक. तेरा तारखेपासून कालपर्यंत एकोणीस दिवस, सरासरी सव्वा युनिट. गिझरचा चौथा हिस्सा. तिच्या दोन बादल्या भरून, शेक दोन वेळा, भांडीसुद्धा गरम पाण्यानं. चूल फक्त भाकरीपुरती. खोकला थांबला आहे. परवा तिनं कपाचा कान धरून चहा घेतला, आणि मी ते पाहिलं. यावेळी पाहिलं.

तांड्यात काय चाललं आहे ते सांगितलं तर तुला खोटं वाटेल. धनीबाई रोज दुपारी पडवीत हात धरून बसते, मशीनमधून थंड वारा येतो तो घ्यायला. लखीराम म्हणतो, माझ्याही न्हाणीमागे टिन आहे. पोलीस पाटील घरी आले, तर मी समोर असूनही त्यांनी विचारलं, "रामीबाई हायेत काय?" मशीन कुठे ठेवायची हे लोक तिला विचारतात. तुझी याडी न्हाणीच्या मागे जाते, पत्र्याखाली हात धरते आणि सांगते, इथं नाही, तिथं. माझं काम वायर आणि नळ्या. बत्तीस वर्षांनी मला साहेब मिळाला, आणि तो माझ्याच घरात निघाला. उन्हाळ्यात त्या थंड वाऱ्याला पाइप लावून सैपाकघरात आणायचा तिचा विचार आहे. एका युनिटात आंघोळही आणि कूलरही. मी म्हटलं, जमणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जमेल.

आता तुझी अट.

मी सगळं जोडून पाहिलं. पहिले दहा दिवस सव्वातीन. थंड आंघोळीचे सव्वीस दिवस मी दोन पूर्णांक एकनं धरलेले नाहीत, ते तिच्या अंगावरून गेलेले आहेत, तेही सव्वातीननंच धरले, त्यापुढचे चारही तसेच, आणि शेवटचे एकोणीस सव्वानं. मशीन हलवली ते तीन दिवस सोडले. दोन महिन्यांची सरासरी येते दोन पूर्णांक सहा. तू म्हणाला होतास अडीच. वही जशी होती तशी पाठवली असती तर दोन पूर्णांक एक आली असती आणि मी जिंकलो असतो.

मी एका दशांशानं हरलो आहे. पडलो तरी नाक वर, असं मी आयुष्यभर केलं, पण या आकड्याला मी नाक लावणार नाही. तुला यायचं तर ये.

फक्त एक सांगतो, जे पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मी मशीन बिलासाठी आणली नव्हती, आणि तुला खोटं पाडायलाही नाही. या घरात ती नसली तर मला राहता येत नाही. सत्तर वर्षांच्या माणसानं पोराला हे लिहायला दिवाळीपासून तीन महिने घेतले. आणि ओसरीवरचं तुझं वाक्य मी एक दिवसही विसरलो नाही. ते खरं होतं म्हणून विसरलो नाही.

मी तिला विचारलं, पोरगं न्यायला आलं तर जाशील? ती म्हणाली, "जाईन ना. आठ दिवस जाईन. त्याचा गिझर किती खाते ते पायतो, गॅलरीत ऊन कधी येते ते पायतो, अन् मशीन कुठं ठेवाची ते सांगून वापस येतो." तेव्हा अंजूला सांग, गॅलरी रिकामी करून ठेव.

येशील तेव्हा मुक्कामी ये. सकाळी तुझ्या याडीच्या दोन बादल्या झाल्या की टाकीत अजून पाणी असतं. तिसरी बादली तुझी. मी भरून ठेवीन, आणि तू हात बुडवून पाहिल्याशिवाय अंगावर घेऊ नकोस. या घरात यापुढे बादलीत हात घालूनच विश्वास ठेवायचा, असं मी ठरवलं आहे.

माझा आकडा एकदा खोटा निघाला आहे, म्हणून खाली तिची साक्ष घेतली. ती बोलली, मी लिहिलं, अंगठा तिचा.

हरलेला आणि फार आनंदात असलेला तुझा बाप,
किसनसिंग

सव्वा युनिट खरं हाये. पाणी गरम हाये. अंगावर म्या घेतलं.
रामीबाई